समितीतली आत्या

आमच्या तळ्यात पाणी कधी आलंच नाही, तरी माझं लहानपण त्या पाण्याखाली गेलं. खर्ड्याच्या अलीकडे, दोन टेकाडांच्या मध्ये, सरकारने पाझर तलावाचा बांध घातला आणि मधोमध शंभरेक फूट तसाच मोकळा ठेवला. खात्याच्या कागदांवर मात्र काम पूर्ण होतं. दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, एकदा जेवताना हे सांगितलं, तेव्हा मला त्याचा राग आला नाही, उलट फार आवडलं. दुसऱ्या दिवसापासून मी शेळ्यांमागे जाताना पोहल्यासारखे हात हलवत चालायला लागले. पाणी बाभळीच्या शेंड्याच्याही वर असणार, असं मी ठरवून टाकलं होतं. आई तिथे वाकून गवत कापायची आणि तिचा पदर इतका सावकाश उठायचा, की तो वाऱ्याने हलतोय हे मला पटायचं नाही.

त्या तळ्यात आईची दीड एकर गेली होती. बांधाच्या खालच्या अंगाला आमची विहीर. तळं भरलं असतं, तर ती उन्हाळ्यातही आटली नसती. म्हणून आईने सही केली होती, आणि आळीतल्या आणखी चार जणींना तिनेच सहीला तयार केलं होतं. मग वर्षं गेली. वाटेत भेटली की एखादी हटकून विचारायची, "काय गं, कालवणाला मासं घावलं का आज?" आई हसून पुढे जायची. घरी आली की भांडी आदळायची.

दादा चळवळीतले. मी अक्षरं गिरवली ती त्यांच्या पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर. 'बदक' लिहायला यायच्या आधी मला 'निषेध' लिहिता यायचं. उद्गारचिन्हाशिवायही वाक्य संपतं, हे मला शाळेत गेल्यावर कळलं.

कॉलेजसाठी नगरजवळ केडगावला खोली घेऊन राहत होते, तेव्हा मोबाईलवर महालेखापरीक्षकांचा अहवाल चाळताना मला आमचं तळं सापडलं. तीनच ओळी होत्या. काम अर्धवट आहे आणि खात्याने त्याचं कारण कळवलेलं नाही, एवढाच त्यांचा अर्थ. हा अहवाल विधिमंडळाच्या लोकलेखा समितीपुढे जातो. तिथले आमदार त्यातली प्रकरणं निवडतात, खात्याच्या सचिवाला साक्षीला बोलावतात आणि तोंडावर विचारतात. त्या वर्षी समितीत आमच्या गावची एक लेक होती. लग्न होऊन लांबच्या जिल्ह्यात गेलेली आणि तिकडूनच निवडून आलेली. गावातली पोरं त्यांना आत्या म्हणतात आणि सुना वन्सं.

जत्रेला आत्या माहेरी आल्या, तेव्हा आईने त्यांची ओटी भरली. तांदूळ, खण, नारळ, आणि त्यावर त्या तीन ओळींची झेरॉक्स.

"हे काय हो, वहिनी?"

"आमचं तळं हाय, वन्सं. जपून न्या, सांडंल."

आत्या खळखळून हसल्या. मग त्यांनी कागद वाचला. "विचारते," त्या म्हणाल्या. "सचिवाला समोर बसवून विचारते."

आणि खरोखरच समितीने आमचं प्रकरण साक्षीसाठी घेतलं. फक्त तारीख यायची होती. त्या दिवसांत मी सुट्टीला घरी होते. संध्याकाळी बांधाच्या तुटल्या टोकावर जाऊन बसायचे. पलीकडचं टोक उन्हात निळसर दिसायचं आणि मधली जागा डोळ्यांदेखत भरून येतेय असं वाटत राहायचं.

अशातच मंत्रिमंडळाच्या विस्ताराची बोलणी सुरू झाली. आपली लेक मंत्री झाली पाहिजे, असं गावात जो तो म्हणू लागला. पत्रक मी लिहिलं. एका बैठकीत, त्याच टोकावर बसून. 'या मातीची लेक मंत्रिमंडळात हवी!' जामखेडला छापलं, खर्ड्याच्या बाजारात वाटलं, मुंबईला गठ्ठा धाडला. त्या पत्रकाने काही घडलं असेल असं मी आता म्हणत नाही. तेव्हा म्हणत होते. आत्या मंत्री झाल्या. गुलाल उधळला, पेढे वाटले, डीजे लागला. "आता तळं झालंच समज," आई म्हणाली.

आठवडा गेला असेल. सकाळी दादा ओट्यावर चहा पीत पेपर वाचत होते. आतल्या पानावर एक लहानशी चौकट होती.

"समितीत बदल झालाय," ते म्हणाले. "आत्याच्या जागी दुसरे आमदार घेतलेत."

"का?"

"मंत्र्याला त्या समितीत बसता येत नाही. जाब सरकारला विचारायचा ना? मग सरकारात बसलेलीने तो कसा विचारायचा?"

समिती म्हणजे काय हे मीच गावभर सांगत फिरले होते, फळ्यावर चौकोन काढून. हा नियम मात्र मला ठाऊक नव्हता. दोन दिवस मी त्याच्याविरुद्ध पत्रक लिहायला बसले. एक वाक्य उभं राहीना, कारण नियम बरोबर होता. आयुष्यात पहिल्यांदा मला निषेध करायला कोणी सापडत नव्हतं.

आईला सांगणं भाग होतं.

"म्हंजी तू कागद लिवून त्यांना तिथनं उठवलं व्हय?"

"हो."

"लई झ्याक लिवलं हुतंस पन," ती म्हणाली आणि तूर पाखडायला बसली.

सत्काराला आत्या आल्या. आईने पुन्हा ओटी भरली, या वेळी नुसती. आत्यांनीच तिचा हात धरला. "वहिनी, मला आता तिथं बसता येत नाही. नवीन सदस्यांना सांगते मी." त्या मनापासून बोलत होत्या. पण 'विचारते' आणि 'सांगते' यांतलं अंतर आईला बरोबर कळलं. गाडी गेल्यावर ती मला म्हणाली, "त्या नव्याला तूच फोन लाव."

नंबर मिळवायला आणि ते स्वतः फोनवर यायला बरेच दिवस गेले. आले तेव्हा दुपार होती. अंगणात तुरीचा भुसा उडत होता आणि त्या पिवळ्या धुरळ्यात आई, सूप, भिंत सगळं विरघळल्यासारखं दिसत होतं. मी सुरुवात केली, "साहेब, आमच्यावर घोर अन्याय..."

"थांबा. गाव कोणतं? कुठं आलं हे?"

माझं पुढचं वाक्यही उद्गारचिन्हाचंच होतं. आईने हात पुसले आणि फोन घेतला.

"नमस्कार साहेब. नगरवरनं या, म्हंजी आता अहिल्यानगर. जामखेड सोडलं की खर्ड्याचा रस्ता धरा. किल्ला दिसला की समजा तुमी पुढं गेलाव, माघारी फिरा. डाव्या हाताला कच्ची वाट हाय, गाडी जाती. म्होरं बांध लागंल. त्याच्यावरनं चालत या. बांध जिथं तुटतो तिथं हुबं ऱ्हावा, समोर परत सुरू झालेला दिसंल. त्येवढंच काम ऱ्हायलंय."

पलीकडे कागद खसखसला.

"मावशी," पलीकडून आवाज आला, "जरा सावकाश सांगा. मी लिहून घेतोय."

आईने पुन्हा नगरपासून सुरुवात केली.