कठडा होईपर्यंतच्या मीटिंगा

आमच्या कॉलनीच्या नाल्यात जेवढा गाळ साचलाय, त्याहून जास्त किस्से आमच्या मीटिंगांचे साचलेत. गाळ काढायला निदान पावसाळ्याच्या तोंडावर एखादं मशीन तरी येतं. किस्से काढायला कोण येणार? म्हटलं, आपणच बसावं.

कॉलनी होटगी रोडच्या आतल्या अंगाला. एका बाजूला घरांच्या कंपाउंडच्या भिंती, दुसऱ्या बाजूला नाला आणि मधून एक रिक्षा कशीबशी जाईल एवढा रस्ता. नाल्याच्या बाजूला कठडा नव्हता. आमची रहिवासी समिती स्थापन झाली ती या कठड्यासाठीच. मी तिची सेक्रेटरी. माझी निवड कशी झाली म्हणाल, तर नातवाच्या बारशाला घेतलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या माझ्याकडे होत्या! पहिल्याच मीटिंगला सगळे म्हणाले, "बाई, खुर्च्या तुमच्या हायत, तर सेक्रेटरी बी तुमीच व्हा की!" लोकशाहीत खुर्चीला महत्त्व असतं म्हणतात, ते खोटं नाही.

अध्यक्ष तात्या. आयुष्यभर यंत्रमागावर टॉवेल विणलेला माणूस. घरात तेलुगू, बाहेर मराठी आणि रागावले की दोन्ही. तात्यांची एक शिस्त होती. पाहुणा घरी येवो नाहीतर मीटिंगला, त्याला वाऱ्याची जागा मिळालीच पाहिजे. "पाहुण्याला मोकळी बाजू द्यायची, घरच्यानं भिंतीकडं सरकायचं," असं ते शेंबड्या पोरांनासुद्धा ऐकवायचे. सोलापूरच्या उन्हाळ्यात याहून मोठा मान तो कुठला?

* * *

पहिल्यांदा महापालिकेच्या ऑफिसातले साहेब पाहणीला आले तेव्हाची गोष्ट. नाल्याकाठच्या लिंबाखाली खुर्च्या मांडल्या. तात्यांनी साहेबांचा हात धरून त्यांना अगदी नाल्याच्या टोकाच्या खुर्चीवर बसवलं. वारा छान होता. पण तो येत होता नाल्यावरून!

साहेबांनी आधी रुमाल काढला. मग रुमाल नाकावर गेला. मग दुसऱ्या हातानं डास मारणं सुरू झालं.

"इथं नेहमी एवढा वास येतो?" साहेब रुमालातून म्हणाले.

"आज कमी हाय," तात्या म्हणाले. "भजी घ्या की गरम गरम!"

भजी खायची तर रुमाल खाली घ्यावा लागणार. साहेबांनी भज्यांकडे पाहिलं, नाल्याकडे पाहिलं आणि ते उठलेच. "आजच्या आज प्रस्ताव पाठवतो," म्हणाले. आणि दिलेला शब्द पाळला हो माणसानं! चारच दिवसांत आली की गाडी.

डासांसाठी धूर सोडायची!

तिनं नाल्यात असा काही धूर सोडला की समोरचं घर दिसेना. संध्याकाळी आमच्या भागव्वा दारात आल्या. या मूळच्या दुधनीच्या. कॉलनीच्या कोपऱ्यावर राहतात, चार शेळ्या पाळतात आणि मनातलं तोंडावर बोलतात. म्हणाल्या, "अय्यय्यो, कालपत्तूर सगळे डास नाल्यात ऱ्हात हुते. आज घरात आले. आमचं कायबी न्हाय झालं, त्यांचं तेवढं पुनर्वसन झालं बगा!"

* * *

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं, तोवर तात्या पडले.

त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू. शुगर खाली येईना म्हणून ऑपरेशन लांबत चाललेलं. नाल्याच्या त्या टोकाला एक चहाचा गाडा आहे आणि तिथं तात्यांचे मागावरचे जुने सोबती रोज संध्याकाळी जमतात. कारखाना सुटला तरी हे बसणं काही सुटलं नव्हतं. त्या दिवशी समोरून मोटारसायकल आली, तात्या बाजूला झाले, आणि बाजूला तर रस्ताच नव्हता! नेमके दगडावर पडले. पाय मोडला.

प्लास्टर निघालं, पण घरच्यांनी फर्मान काढलं: कठडा होईपर्यंत एकट्यानं बाहेर पडायचं नाही. मग काय, ओट्यावरून घरात आणि घरातून ओट्यावर. मी भाजीला जाताना रोज हाक मारायचे, "तात्या, काय करालाव?"

"बसलोय की," एवढंच म्हणायचे.

एकदा मात्र म्हणाले, "सेक्रेटरीबाई, गाड्यावर माझी जागा अजून ठिवलीय म्हणत्यात. किती दिवस ठिवतील?" मला फार वाईट वाटलं. घरी येऊन मी कठड्यासाठी आणखी एक अर्ज लिहिला. अर्ज लिहिण्याशिवाय सेक्रेटरीला येतं काय दुसरं?

* * *

पुढच्या महिन्यात त्याच जागी भागव्वांची शेळी पडली.

आता बघा गंमत. शेळी पडल्याचं कळताच अग्निशमन दलाची लाल गाडी आली, शिड्या आल्या, बघायला अर्धी कॉलनी आली. आणि कुठून कळलं देव जाणे, अण्णाही आले! अण्णा म्हणजे आमचे भावी नगरसेवक. मधे बरीच वर्षं निवडणूकच नव्हती, त्यामुळे आमच्या भागात सगळे एकतर माजी होते नाहीतर भावी. चालू कोणीच नव्हतं!

शेवटी भागव्वांनीच आपला दोर खाली सोडला, एका जवानानं तो शेळीच्या पोटाला बांधला आणि शेळी वर आली. लगेच अण्णांनी तिला मांडीवर घेतलं. फोटो निघाला. शेळीनं कडक इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टाची कॉलर चघळायला घेतली, तो फोटोही निघाला.

दुसऱ्या दिवशी मी तात्यांना पेपर दाखवला. डोळ्यांजवळ धरून त्यांनी बराच वेळ पाहिला.

"शेळी पडली तर फोटो," ते म्हणाले, "आन् मी पडलो तर प्लास्टर! पुढच्या येळी म्या बी बें बें करीन."

* * *

कठडा जमत नाही तोवर सुरक्षेसाठी अण्णांनी स्वखर्चानं सीसीटीव्ही बसवून दिला. कॉलनीच्या तोंडावर, थेट विजेच्या खांबावर. नारळ फुटला, पेढे वाटले गेले.

थोड्याच दिवसांत भागव्वांच्या घरासमोरून पाण्याची मोटार चोरीला गेली. अण्णांसकट आम्ही सगळे पोलिसांबरोबर फुटेज बघायला बसलो. स्क्रीनवर रात्रभर एकच माणूस! हात जोडलेला, हसरा, गळ्यात हार घातलेला.

झालं असं होतं की अण्णांच्या वाढदिवसाचा फ्लेक्स कार्यकर्त्यांनी बरोबर कॅमेऱ्याच्या तोंडासमोर लावला होता.

हवालदारांनी फुटेज पुढे नेलं, मागे नेलं. शेवटी अण्णांकडे बघून डोकं खाजवत म्हणाले, "साहेब, चोर काय दिसंना. पण पुराव्यावर गेलो तर रात्रभर जाग्यावर तुमीच हाव!"

* * *

मग तरुण मंडळींनी व्हॉट्सॲपवर ग्रुप काढला. 'सुरक्षित कॉलनी'. नियम कडक: फक्त अडचणी टाकायच्या. पहिल्या दिवसापासून फक्त फुलं आणि सुविचार.

एका सकाळी आमच्या शेजारणीनं लिहिलं, "नाल्यातून मोठा साप आलाय. आमच्या बाथरूममध्ये आहे. लवकर या!"

खाली ओळीनं उत्तरं आली. "शुभ सकाळ." "शुभ सकाळ ताई." एकानं तर हात जोडले. अण्णांचा पीए आमच्याच गल्लीत राहतो. त्यानं लिहिलं, "समस्येची नोंद घेण्यात आली आहे."

ती बिचारी बादली घेऊन बाथरूमच्या दाराशी उभी. थोड्या वेळानं साप आला तसा मोरीतून निघून गेला. तिनं सुटकेचा निःश्वास टाकून लिहिलं, "गेला एकदाचा."

पीएचं उत्तर लगेच! "अण्णांच्या पाठपुराव्याला यश!"

* * *

पर्यावरणाचंही आम्ही काही कमी केलं नाही. नाल्याकाठी झाडं लावली की माती धरून राहते, असं अण्णांना कुणीतरी सांगितलं. झाडं लावली. भागव्वांच्या शेळ्यांनी ती दोन दिवसांत संपवली. अण्णा चिडले, पुन्हा झाडं लावली आणि प्रत्येकाला लोखंडी पिंजरा केला. पिंजऱ्यावर अण्णांचं नाव.

शेळ्या लांबून बघत राहिल्या. पण आमच्याकडे नळाला पाणी येतं चार-पाच दिवसांआड. माणसं आंघोळीला मोजून पाणी घेतात, तिथं झाडाला कोण घालणार? उन्हाळ्यात सगळी वाळून गेली. पिंजरे तेवढे नावासकट उभे.

मीटिंगमध्ये अण्णा म्हणाले, "निदान शेळ्यांपासून तर वाचवली की नाही?"

भागव्वा म्हणाल्या, "व्हय की. शेळीनं खाल्लं असतं तर दूध तरी झालं असतं!"

* * *

आता शेवटचा. हा मी पाहुण्यांना सांगते तेव्हा आमचे हे म्हणतात, वाढवून सांगू नकोस. पण मी गच्चीवरून पाहिलेलं आहे.

अखेर निवडणूक झाली. भावी होते ते अण्णा खरोखरचे नगरसेवक झाले. आभाराची मीटिंग लिंबाखालीच ठेवली. संध्याकाळची वेळ. तात्यांना त्यांची सून हाताला धरून घेऊन आली. अण्णा बोलायला उभे राहिले. विकास, प्रगती, स्मार्ट वगैरे सगळं झालं आणि मग म्हणाले, "कठड्याचा विषय माझ्या डोक्यात आहे. पुढच्या बजेटमध्ये शंभर टक्के बघू!"

तात्या बसल्या जागेवरून म्हणाले, "अण्णा, पुढच्या बजेटला मी असंन का?"

अण्णा काहीतरी बोलणार, तेवढ्यात मागच्या गल्लीतून आरोळी आली, "पाणी आलंऽऽ!"

त्या दिवशी पाण्याची पाळी नव्हती! मग काय विचारता, पापणी लवायच्या आत मीटिंग साफ. बायका पळाल्या, गडी पळाले, तात्यांची सून "मामा, हितंच बसा, आले!" म्हणत पळाली. अण्णांचा पीए अण्णांच्या हातात माईक देऊन पळाला. मीसुद्धा पळाले. सेक्रेटरी झाले तरी टाकी माझीही रिकामीच होती.

गच्चीवर पाइप टाकीत सोडून खाली पाहते, तर रिकाम्या खुर्च्यांत दोनच माणसं. एक तात्या, एक अण्णा. तात्यांनी काठी टेकली आणि उठले.

"अण्णा, मला जरा घरापत्तूर सोडता का? दिवस मावळला की मला दिसत न्हाय."

नुकत्याच निवडून आलेल्या माणसाला नाही म्हणता येतं होय? अण्णांनी तात्यांचा हात धरला. दोघंही पांढऱ्या कपड्यांत, हातात हात घालून नाल्याकडेनं निघाले. मला ते दृश्य इतकं आवडलं की मी पाइप विसरून बघतच राहिले. मग टाकी भरली, म्हणून वळून पाइप काढायला गेले.

तेवढ्यात मागे आवाज आला. धप्प!

वळून पाहिलं तर रस्त्यावर एकच पांढरा आकार. गेले तात्या! आता दुसरा पाय! पाइप तसाच टाकून मी अनवाणी धावत सुटले. पोचते तर तात्या भिंतीला पाठ लावून काठी टेकून व्यवस्थित उभे आणि खालून आवाज येतोय, "ताई, हात द्या, हात!"

अण्णा गुडघाभर गाळात. माईक अजून हातात.

तात्या खाली वाकून धीर देत होते. "अण्णा, घाबरू नगा, तिथं मऊ हाय. दगड जरा पलीकडं हायत. मी पडलोय, मला म्हाईत हाय की!"

भागव्वा शेळीचा दोर घेऊन आल्या, मागोमाग तात्यांची सून आणि आमची शेजारीण. तोच दोर! आम्ही चौघींनी ओढून अण्णांना वर काढलं. फोटो मात्र कुणीच काढला नाही. काढणारा पीए पाणी भरत होता.

पुढच्या बजेटची वाट कुणी पाहिली नाही. त्याच आठवड्यात विटा आल्या, वाळू आली, सिमेंट आलं. महिना सरायच्या आत कठडा उभा! उद्घाटनाला अण्णा म्हणाले, "मी स्वतः जागेवर उतरून पाहणी केली." भागव्वांनी तोंडात पदर कोंबला.

आता तात्या रोज संध्याकाळी एका हातानं कठडा धरत गाड्यावर जातात. एकटे. त्यांची जागा सोबत्यांनी ठेवली होती. पहिल्या दिवशी ते तिथं जाऊन बसले तेव्हा मी मुद्दाम भाजीच्या निमित्तानं त्या बाजूनं गेले आणि मला रस्त्यातच रडू आलं, काय लपवायचं!

परवा त्यांनी मलाही चहाला बसवलं. बरेच दिवस मनात होतं ते मी विचारून घेतलं. "तात्या, खरं सांगा. तुम्हाला दिसत नाही, रस्ता एवढासा, आणि नाल्याच्या बाजूला तुम्ही अण्णांना कसं काय घेतलंत?"

तात्यांनी चहा बशीत ओतला, फुंकर घातली.

"आता काय सांगायचं सेक्रेटरीबाई तुमाला? पाहुण्याला मोकळी बाजू द्यायची असती की!"