नानांचा पहिला प्लास्टिकचा जोड

अमळनेरच्या निम्म्या जुन्या घरांतले नळ जीवराम नानांच्या हातचे होते. लोखंडी पाइपावर डाय फिरवून आटे पाडायचे, सूत गुंडाळायचं, पाणी झिरपू नये म्हणून सफेदा लावायचा आणि पान्ह्याला सगळं अंग लावून जोड आवळायचा. नानांचा जोड गळला, असं म्हणणारा माणूस गावात सापडला नसता. पुढे प्लास्टिकचे पाइप आले, तेव्हा "हाई पोरखेळनं काम शे" म्हणत त्यांनी धंदाच सोडला.

घरात मात्र वेगळीच तऱ्हा. गच्चीवरची टाकी भरलेली, अन् मोरीतल्या नळाला करंगळीएवढी धार. सून ज्योती नळाखाली बादली लावून भाकरी थापायला बसे. भाकरी संपत, बादली भरत नसे. सकाळचं पहिलं पाणी तर चहाच्या रंगाचं येई. कुणी काही म्हटलं की नाना म्हणत, "नळ खराब शे. पाइपले काय व्हस?" नळ बदलून झाले. धार काही जाड झाली नाही.

नाना एका साखरपुड्याला धुळ्याला गेले आणि त्यांच्या बायकोनं, वच्छलाबाईंनी, डाव साधला. मोईजला बोलावून घेतलं. नानांचा जुना जोडीदार नासीर, त्याचा हा मुलगा. आता गावातल्या मोठ्या इमारतींची नळजोडणी तोच करायचा.

दुपारी नाना एस.टी.तून उतरून घरी आले, तर मोरीची भिंत फोडलेली आणि अंगणात त्यांच्याच पाइपांचे तुकडे.

"मना पाइपले कोणी हात लावा?"

वच्छलाबाई दारातून म्हणाल्या, "मी लावाले सांगं."

मोईजनं एक तुकडा उचलून नानांच्या हातात दिला. "नाना, जरा उजेडाकडे धरून बघा."

नानांनी तुकडा डोळ्याला लावला. बाहेरून आटे जसेच्या तसे होते. आत मात्र गंजाचे थर चढून जेमतेम वाटाणा जाईल एवढं भोक उरलेलं. खिळ्यानं खरवडलं, तर लाल पापुद्रे पायजम्यावर सांडले. नाना ओट्यावर टेकले.

"जोड तं गळना नही," ते म्हणाले.

"नाहीच गळला. उघडायला मी पान्ह्यावर उभा राहिलो, तरी हलला नाही. शेवटी कापावा लागला."

हे ऐकून नानांचा चेहरा सैलावला. चहा पिऊन ते स्टूल ओढून मोईजशेजारी बसले. मोईजनं कटरनं पिवळसर पाइप कचकन कापला, टोकाला चिकटवायचं सोल्युशन फिरवलं, काटकोनात वळलेल्या एल्बोत घातला आणि थोडा वेळ दाबून धरला.

"आता आवळ," नाना म्हणाले.

"झालं, नाना."

"काय झालं?"

"जोड झाला."

नानांनी थोडं थांबून तो ओढून पाहिला, पिळून पाहिला. हलेना. त्यांचे डोळे लकाकले. "आन ते इकडे," म्हणत त्यांनी कटर घेतला, स्टूल मागे सारलं आणि सोल्युशन फिरवून जोड बसवलाही. फक्त एल्बोचं तोंड भिंतीकडे झालं.

"थोडा फिरवतो," ते म्हणाले.

"याला आटे नाहीत, नाना. चुकला की कापायचा."

वच्छलाबाईंना हसू आवरेना. नानाही हसले. मग आधी कोरडंच जुळवायचं, पेन्सिलीनं खूण करायची, तेव्हा कुठे सोल्युशन लावायचं, हे त्यांनी मोईजकडून नीट समजून घेतलं. दुसरा जोड सरळ बसला. पुढचे सगळे नानांनीच केले. बोटं सोल्युशननं चिकटली, कपाळाला सिमेंट लागलं, पण जेवायला हाक मारली तर म्हणत, "एवढा एक व्हवू दे."

जोड सुकायला हवेत म्हणून पाणी दुसऱ्या दिवशी सोडायचं ठरलं. सकाळी मोईज पोहोचण्याआधीच नाना गच्चीवर जाऊन टाकीच्या व्हॉल्व्हपाशी उभे. मोईजनं खालून हाक दिली, त्यांनी व्हॉल्व्ह फिरवला आणि त्या वयात दोन-दोन पायऱ्या गाळत खाली धावले.

नळ आधी फुरफुरला, थोडी हवा सुटली आणि मग मनगटाएवढी धार बादलीवर अशी आदळली, की ज्योतीचं लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलं.

"पानी उनं!" पाणी आलेलं पाहून वच्छलाबाई म्हणाल्या.

नाना मात्र वर्तमानपत्राचा कोरडा तुकडा घेऊन एकेक जोड पुसत फिरत होते. कागद कुठेच ओला झाला नाही. शेवटचा जोड पुसून ते उठले. "मोईज, उद्या कोठे काम शे?"

"पारोळ्याला. दोन मजली घर आहे."

"मले घेवाले ये. सकाळी तयार राहसू," नाना म्हणाले, आणि तसेच चपला घालून स्वतःसाठी कटर आणायला बाजाराकडे निघाले.