पाववर थांबलेला काटा

मे १९७४, सोमवार, संध्याकाळी सव्वासात. ठाण्यात हजर: मी म्हणजे ठाण्याचा फौजदार, ठाणे अंमलदार हवालदार, दोन शिपाई, फिर्यादी वकील आणि त्यांच्या पत्नी, राहणार सांगली, आणि त्या दोघांना घेऊन आलेला टॅक्सी ड्रायव्हर.

त्या संध्याकाळची माणसं मला आजही अशी एकेक करून सांगता येतात. नोकरीत शेकडो फिर्यादी लिहून घेतल्या, त्यातल्या बऱ्याचशा एकमेकींत मिसळून गेल्या. ही मिसळली नाही. नावं कुणाचीच देत नाही. ठाणं सातारा जिल्ह्यात, महाबळेश्वरच्या वाटेवर, घाटाच्या पायथ्याशी होतं, एवढं पुरे.

फिर्याद सरळ होती. वकीलसाहेब आणि बाई सुट्टीसाठी महाबळेश्वरला निघाले होते. पायथ्याला बसमधून उतरून त्यांनी पाचच्या सुमारास टॅक्सी केली. घाट अर्धा चढून झाल्यावर एका वळणावर गाडी आचके देऊन बंद पडली. ड्रायव्हरने बॉनेट उघडून खटपट केली, मग डबा घेऊन पेट्रोल आणायला चालत खाली गेला. तो गेल्यावर पाऊण तासाने झाडीतून दोघे आले. हातात कोयते. बाईंच्या पाटल्या, मंगळसूत्र आणि वकीलसाहेबांचं घड्याळ घेऊन गेले. कुणाला इजा नाही. थोड्या वेळाने वरून येणारा एक ट्रक थांबला आणि त्याच सुमारास ड्रायव्हरही खालून येणाऱ्या एका गाडीने डबा घेऊन परतला. ट्रकवाल्यांच्या मदतीने गाडी फिरवून घेतली, आणि बाईंना कापरं भरलं म्हणून वेळ न घालवता न्यूट्रलमध्येच उतरवत थेट ठाण्यात आणली.

इथपर्यंत ड्रायव्हरविरुद्ध काही नव्हतं. आमच्या हवालदाराने गाडी आवारात एका बाजूला लावायला घेतली आणि आत येऊन मला हळूच म्हणाला, "साहेब, जरा बाहेर या."

गाडी चालू होती. पहिल्या दोन झटक्यांत सुरू झाली, असं तो म्हणाला. पेट्रोलचा काटा पाववर उभा होता. डिकीत आणलेला डबा तोंडापर्यंत भरलेला, त्यातला थेंबही टाकीत गेला नव्हता.

"टाकीत पेट्रोल हाय. मग हा बाबा पेट्रोल आणाया कशाला गेला?" हवालदार म्हणाला.

प्रश्न बिनतोड होता. जवळ उत्तर एकच होतं: प्रवाशांना वळणावर एकटं सोडायचं होतं म्हणून. ड्रायव्हरला त्याच संध्याकाळी अटक झाली. दुसऱ्या दिवशी कोर्टातून पोलीस कोठडी घेतली.

ड्रायव्हर तिशीचा, आष्ट्याचा. फौजेत आठ वर्षं ट्रक चालवून नुकताच सुटला होता. या टॅक्सीवर त्याला आठवडाच झाला होता. जुना ड्रायव्हर सोडून गेला म्हणून मालकाने ठेवलेला. पुढच्या सोमवारी सांगलीला एका सरकारी खात्यात ड्रायव्हरच्या जागेसाठी त्याची मुलाखत होती. तिथे कामाच्या ठिकाणच्या ठाण्याचा चारित्र्याचा दाखला लागणार होता, आणि तो देणार आम्हीच होतो. हे त्याने एकदाच सांगितलं, पुन्हा उच्चार केला नाही.

त्यातच खबर आली. स्टँडजवळच्या हॉटेलात बसणारा आमचा एक खबऱ्या सांगून गेला की घटनेच्या आदल्या दिवशी हा ड्रायव्हर दोन परक्या माणसांबरोबर तासभर चहा पीत बसला होता. दोन माणसं तिथे, दोन माणसं घाटात. मला तेवढं पुरलं. पुरायला नको होतं.

चौकशी मी स्वतः केली. ती अशी चालायची.

"गाडी का थांबली?"

"पेट्रोल सपलं, साहेब."

"काटा कुठं होता?"

"पाववर."

"म्हणजे पेट्रोल होतं."

"काटा पाववर हुता. पर गाडीला पेट्रोल मिळत न्हवतं. नळी सोडून फुकून बघितली, कोरडी हुती."

"दोन्हींतलं खरं काय?"

"दोन्ही खरं हाय."

हवालदाराने आवाज चढवून पाहिला, गोडीत घेऊन पाहिलं. चहा पिणारे दोघे कोण, तर म्हणाला, पलटणीतले दोस्त, कोरेगाव तालुक्यातले. पत्ते दिले. आम्ही माणूस पाठवला, पण उत्तर यायला वेळ होता. काट्याबद्दल मात्र त्याच्या जबानीत एक अक्षर बदलेना. पलटणीत काटा सांगेल ते खरं मानून गाडी काढायची असते, असं तो म्हणाला. काटा बिघडला असेल असंही त्याला सुचलं नाही. त्याच्या दृष्टीने काटा ही सरकारी वस्तू होती.

हे मला तेव्हाच खटकलं होतं. खोटं बोलणारा माणूस अडचणीत आला की दोन्हींतलं एक सोडून देतो. म्हणतो, काट्याकडे माझं लक्ष नव्हतं. किंवा, पेट्रोल होतं, पण गाडीत दुसरा बिघाड झाला. हा दोन्ही धरून बसला होता, आणि दोन्ही मिळून त्यालाच बुडवत होती. खटकलं, तरी मी थांबलो नाही. अटकेच्या दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, घराची झडती घ्यायला त्याला घेऊन आष्ट्याला गेलो.

आष्टा आमच्या हद्दीबाहेर, म्हणून तिथल्या ठाण्याला कळवून, दोन पंच घेऊन गेलो. रस्त्यावर माणसांची गर्दी होती. जीप लांब उभी करून त्याला बेड्या घालून पेठेतून चालवत नेलं. तसं करायची गरज नव्हती. पळून जाण्यासारखा तो माणूस नव्हता, आणि जीप घरापर्यंत जात होती. पण तेव्हा आमची तशी पद्धत होती आणि मी ती मोडली नाही. घरात काही सापडलं नाही. पत्र्याच्या पेटीत पलटणीचे कागद, एक गणवेश, आईचं लुगडं. त्याच्या वडिलांनी आम्हाला पाणी दिलं. मुलाला त्यांनी काही विचारलं नाही. तो मात्र निघताना म्हणाला, "आबा, म्या काय केलं न्हाई." वडील म्हणाले, "मला ठावं हाय. पर ह्यास्नी सांग की."

बुधवारी सकाळी मी टॅक्सी स्टँडवर गेलो. गाडीच्या मालकाचं म्हणणं पुन्हा घ्यायचं होतं. मालक भेटला नाही. वाट पाहत उभा असताना एक म्हातारा ड्रायव्हर घाट चढायला निघाला होता. प्रवासी बसले, सामान चढलं. मग त्याने मागे जाऊन टाकीचं झाकण काढलं, सीटखालून बांबूची एक चपटी काठी काढली, टाकीत तळापर्यंत घातली, बाहेर काढून ओल कुठवर आली ते पाहिलं, काठी पुसून परत ठेवली. काठीवर चाकूने खुणा पाडलेल्या होत्या. पुढच्या गाडीवाल्यानेही तेच केलं. त्याच्या पुढच्यानेही.

मी म्हाताऱ्याला विचारलं, गाडीत काटा आहे ना, मग काठी कशाला?

तो हसला. "आवं साहेब, काटा गिऱ्हाइकासाठी असतोय. काठी आपल्यासाठी."

प्रवाशांना खाली उतरवून मी त्याला बाजूला घेतलं. मी सांगितलं, एक माणूस कोठडीत आहे आणि बोलला नाहीस तर तो तिथेच राहील. मग हळूहळू बाहेर आलं.

त्या साली पेट्रोल महाग झालं होतं आणि कधीकधी मिळायचंही नाही. टाकी भरून कुणी फिरत नसे. एका खेपेला लागेल तेवढं घालायचं. पण शहरातलं गिऱ्हाईक बसताना पुढे वाकून काटा बघायचं. काटा तळाला दिसला की म्हणायचं, घाटात बंद पडली तर? आणि उतरून शेजारच्या गाडीत बसायचं. यावर स्टँडने तोड काढली. टाकीत एक तरंगता डबा असतो, त्याला तारेची दांडी असते. दांडी वर-खाली होईल तसा काटा हलतो. ती दांडी पकडीने थोडी वाकवली की डबा टाकीच्या तळाला टेकला तरी काटा पाववर उभा राहतो. एकाने केलं, मग सगळ्यांनी केलं. काट्यावरचा भरवसा गेला म्हणून काठी आली. काठी ज्या त्या ड्रायव्हरची. गाडी सोडली की तो काठी घेऊन जातो, जसा न्हावी आपला वस्तरा घेऊन जातो.

"नव्या माणसाला हे कुणी सांगितलं नाही?"

"त्यात सांगायचं काय, साहेब? ड्रायव्हर हाय म्हणल्यावर ठावं असणारच. आमाला काय म्हाईत, ह्यो पलटणीतला गडी काट्याला देव मानतोय."

"आणि तो अडकल्यावर आम्हाला का नाही सांगितलं?"

म्हातारा जमिनीकडे बघत म्हणाला, "सांगितलं तर उद्या आमच्या गाडीत कोण बसंल?"

गुरुवारी सकाळी आवारात गाडीचा पंचनामा केला. हजर: दोन पंच, साताऱ्याहून बोलावलेला मिस्त्री, हवालदार, मी, आणि स्वतः आरोपी, कारण त्याने ते पाहावं असं मला वाटलं. टाकी पूर्ण रिकामी केली. तीन लिटरच्या आतबाहेर निघालं. मग रॉकेलवाल्याकडून लिटरचं माप आणून एकेक लिटर घालत गेलो आणि दर वेळी काट्याची नोंद केली. काटा सावकाश चढतो, त्यामुळे किल्ली फिरवून थांबावं लागे. चौथ्या लिटरला हवालदार वैतागून म्हणाला, "साहेब, चोर धरायचाय का दूध मोजायचंय?"

रिकाम्या टाकीला काटा पाववर. तीन लिटरला पाववर. पाच लिटरला पाववर. त्यानंतर कुठे हलायला लागला.

मिस्त्रीने दांडी बाहेर काढली. तारेवर पकडीचे वण स्पष्ट होते. मग त्याने उरलेली गोष्ट दाखवली, जी मला सुचली नव्हती. एका चपट्या डब्यात बोटभर पाणी घेतलं आणि डबा एका बाजूने उचलला. सगळं पाणी दुसऱ्या बाजूला गेलं. या गाडीत पेट्रोल ओढणारी नळी टाकीच्या पुढच्या अंगाला होती. चढावर गाडीचं नाक वर झालं की थोडं पेट्रोल असेल ते सगळं मागे जातं आणि नळी कोरडी पडते. सपाटीवर गाडी आणली की तेच पेट्रोल पसरून नळीपर्यंत येतं आणि गाडी सुरू होते. म्हणून घाटात बंद पडलेली गाडी आमच्या आवारात चालू झाली होती.

मिस्त्री बोलका होता. म्हणाला, कारखान्यातून आलेला काटासुद्धा पेट्रोल मोजत नाही, डबा कुठवर तरंगतोय एवढंच सांगतो. टाकी सगळीकडे सारख्या रुंदीची नसते, म्हणून वरचा अर्धा भाग उशिरा संपतो आणि खालचा भरभर. काटा शून्यावर आला तरी थोडं पेट्रोल उरेल अशी सोय बनवणाऱ्यानेच ठेवलेली असते, माणूस रस्त्यात अडकू नये म्हणून. "थोडं खोटं मुळातच असतंय, साहेब. ह्यांनी ते उलटं केलं."

आरोपी इतका वेळ भिंतीला टेकून उभा होता. त्याने ती दांडी हातात मागितली, फिरवून पाहिली, आणि म्हणाला, "म्हणजे दोन्ही खरं हुतं."

मी म्हणालो, हो.

त्याच दिवशी कोरेगावहून पलटणीच्या दोस्तांची जबानी आली. संध्याकाळपर्यंत कलम १६९ खाली त्याची सुटका करून कागद कोर्टात पाठवले. पंधरा-वीस दिवसांनी लोणंदच्या बाजारात एक पाटली विकताना खरे दोघे सापडले. बाईंनी ओळख परेडमध्ये दोघांनाही ओळखलं. गाड्या इंजिनात पाणी घालायला त्या वळणावर थांबतात हे त्यांना ठाऊक होतं. कुठलीही गाडी थांबली असती तरी त्यांना चाललं असतं. ड्रायव्हरला त्यांनी कधी पाहिलंही नव्हतं. टॅक्सीवाल्यांच्या दांड्या आम्ही एकेक करून सरळ करून घेतल्या. किती दिवस सरळ राहिल्या, कुणास ठाऊक.

या प्रकरणातून मी एक सवय लावून घेतली. पुरावा समोर आला की तो काय सांगतो हे बघण्याआधी, तो कुणी, कुणाला दाखवण्यासाठी तिथे ठेवला हे विचारायचं. ठाण्यात आलेली माणसंही बहुतेक वेळा आपल्याला दिसावं ते दाखवतात, आणि त्यांचं खरं मोजमाप दुसरीकडे, सीटखाली ठेवलेलं असतं. आणि ज्याचं म्हणणं आपल्याच विरुद्ध जातं, त्याचं जास्त ऐकायचं. पुढच्या नोकरीत या सवयीचा उपयोग झाला.

चारित्र्याचा दाखला मी स्वतः लिहून शिपायाच्या हाती सांगलीला पाठवला. मुलाखतीला तो वेळेत पोचला. पहिल्या यादीत नाव आलं नाही, दुसऱ्या यादीत आलं. जूनमध्ये तो ठाण्यात पेढे घेऊन आला. हवालदाराशी थट्टा केली. जाताना माझ्या टेबलापाशी थांबला.

"साहेब, तुमचा कागद लई कामाला आला. पर गावात कागद कोन वाचतंय? बेड्या समद्यांनी बघितल्या. आबा अजून पेठंतनं जाईत न्हाईत, मागल्या गल्लीनं जात्यात. तुमी एकदा या. काय बोलू नका. नुसतं माज्यासंगं पेठेतनं घरापत्तोर चाला."

मी म्हणालो, येतो. पुढच्या आठवड्यात येतो.

पुढच्या आठवड्यात बंदोबस्त लागला. त्यानंतर बदलीचा हुकूम आला. निवृत्तीनंतर मी सांगलीत राहायला आलो. इथून आष्ट्याला बसने तासही लागत नाही. ती पेठ अजून चालून जायची आहे.