चिखलावरची भिंत

कामावर तिला सगळे ‘भिंतीबाई’ म्हणायचे आणि तिची पाठ वळली की त्यातलं टिंब गाळून ‘भीतीबाई’. तिला दोन्ही नावं ठाऊक होती. दुसऱ्याचा राग यायचा नाही, कारण ते खरंच होतं. माती अडवणाऱ्या भिंती आखणं हा तिचा पेशा, पण रस्त्यानं जाताना कुठलीही भिंत दिसली की ती आधी पायथा बघायची. तिथं ओल आहे का? भेग आहे का? नवरा म्हणायचा, “लोक माणसांचे चेहरे बघतात, तू भिंतींचे पाय बघतेस.”

दवाखान्याकडे चढत जाणारा रस्ता कडेनं खचला, तेव्हा ते काम तिच्याकडे आलं. रस्त्याच्या खाली घरांची एक ओळ होती, आणि जिथं नवी भिंत यायची होती तिला अगदी चिकटून होतं तिच्या मावशीचं घर. आई गेल्यावर तिला वाढवलं ते या मावशीनं, याच घरात. इथं पूर्वी तळं होतं, ते बुजवून घरं झाली. म्हणजे फरशीखाली खोलवर नुसती मऊ, चिकट माती. असल्या जमिनीवर काँक्रीटची जडशीळ भिंत उभी करायची तर खाली कठीण थरापर्यंत खांब उतरवावे लागले असते, आणि तेवढा खर्च गावाला झेपणारा नव्हता.

तिनं स्वस्तातला उपाय काढला. मुरुमाचा एक थर, त्यावर प्लास्टिकची चिवट जाळी, पुन्हा मुरूम, पुन्हा जाळी. दर्शनी बाजूला दगड भरलेले तारेचे पिंजरे. मागे पाणी निघून जायला खडी. यात अट एकच होती: अर्ध्यावर थांबायचं. वरच्या वजनानं खालच्या चिखलातलं पाणी हळूहळू पिळून निघतं, चिखल घट्ट होतो, मग पुढचे थर चढवायचे.

“थांबायचं म्हणजे किती?” ठेकेदारानं विचारलं होतं.

“जमीन सांगेल तेवढं.”

तो हसला होता.

मग ती तापानं अंथरुणाला खिळली. ताप उतरायच्या आत मावशीचा फोन आला. “अगं, न्हाणीघराचं दार लागेनासं झालंय. सुतार बोलावू का?”

“मावशी, परसातली फरशी कशी आहे?”

“उचललीय थोडी. घुशीनं पोखरलं असेल मेलीनं.”

ती तशीच उठली, अंगावर शाल ओढली आणि निघाली. गल्लीच्या तोंडाशीच तिला दिसलं, भिंत तिनं सांगितलेल्या उंचीच्या कितीतरी वर गेली होती. परसात फरशा पाठ वर काढून बसल्या होत्या. फटीतून करडं पाणी झिरपत होतं. तिनं तळवा टेकवला. घूस नव्हती. भिंत खाली रुतत होती आणि तिच्याखालचा चिखल इकडे, मावशीच्या घराखाली, वर येत होता.

“थांबवा!” ती वर बघून ओरडली. आवाज चिरकला. “वरची माती काढायला घ्या, आणि इथं, या परसात आणून टाका.”

ठेकेदार घाईघाईनं खाली आला. “मॅडम, ताप डोक्यात गेलाय का? भिंत खचतेय म्हणता आणि माती घरात ओतायला सांगता?”

“गादीच्या एका टोकाला बसलं की दुसरं टोक वर येतं ना? त्या दुसऱ्या टोकावर वजन ठेवायचंय. पोकलेन वर नेऊ नका, भिंतीला तेवढंही पेलणार नाही. बाजूला उभं करून जेवढं पोहोचेल तेवढं ओढा, बाकीचं घमेल्यांनी.”

तो जवळ सरकला आणि हळू आवाजात म्हणाला, “उभी भिंत उतरवलीत तर लोक म्हणतील बाईची आखणीच चुकली. पुन्हा कोण काम देईल तुम्हाला?”

हे तिच्याही मनात आलं होतं. ती तशीच घरात शिरली. मावशी शिवणयंत्रापाशी बसली होती, जागची हलेना.

“मी नाही जायची. तुझ्या भिंतीवर तुझाच भरवसा नाही होय?”

“नाही, मावशी,” ती म्हणाली. “आज नाही.”

मावशीनं तिच्या तोंडाकडे पाहिलं, सुईतला दोरा दातानं तोडला आणि मुकाट्यानं चपला घातल्या. मग शेजारच्या घरांची दारं मावशीनंच वाजवली.

घमेली हातोहात खाली येऊ लागली. मावशीच्या तुळशी-मोगऱ्याच्या कुंड्या, धुण्याचा दगड, सगळं मातीखाली गेलं. जमीन सरकली की कळावं म्हणून भिंतीसमोर खुंट्या ठोकून तिनं दोरी ताणली होती, त्या दोरीवरून तिची नजर हलत नव्हती. दोरी सैल पडतेय की डोळे फसवताहेत? इतक्यात एका पिंजऱ्याची तार खाडकन तुटली. दगड घरंगळले. माणसं घमेली टाकून पळाली. तिलाही पळायचं होतं, पण पाय उचलेनात. ती तिथंच उभी राहिली, आणि मुकादमाला वाटलं बाई मुद्दाम उभ्या आहेत, म्हणून तो परत फिरला. त्याच्या मागून बाकीचे आले.

उन्हं कलली तेव्हा दोरी हलायची थांबली. तिनं पुन्हा पुन्हा मोजलं, मग परसातल्या मातीवरच बसली आणि तिला कोरड्या ओकाऱ्या आल्या.

न्हाणीघर पाडावं लागलं. परसाच्या जागी मातीची रुंद पायरी कायमची राहिली आणि स्वयंपाकघर अंधारलं. त्यावरून मावशीनं तिला बरंच सुनावलं. नंतर झालेल्या चौकशीत ठेकेदारानं ताप आणि आखणी दोन्हींवर बोट ठेवलं, तिनंही सडेतोड उत्तरं दिली, आणि ठेका दुसऱ्याकडे गेला. पुढचा पावसाळा सरेपर्यंत तिनं एक थर चढवू दिला नाही. मग भिंत पुरी झाली. सरळ उभी राहिली.

रस्ता सुरू झाला त्या दिवशी सगळे वर जमले होते. ती मात्र खाली, मावशीच्या मागच्या दारात उभी होती.

“वर जा की गं, तुझंच काम आहे,” मावशी म्हणाली.

“काही झालंच तर मी इथं असलेली बरी.”

दवाखान्याची गाडी घरघरत चढली. बारीक खडे भिंतीवरून टपटपले. तिनं मावशीचं मनगट घट्ट धरलं.

“हात दुखतोय माझा,” मावशी म्हणाली.

“थांब जरा. जाऊ दे गाडी.”