पितळी लायटरवरचे ओरखडे

त्याचा दिवस पहाटे चार वाजून चाळीस मिनिटांनी सुरू व्हायचा. सहाच्या ठोक्याला तो पॉलिशच्या चाकासमोर उभा असायचा. एकोणतीस वर्षं. मी शेजारच्या चाकावर होतो, म्हणून खात्रीने सांगतो. त्याला उशीर दोनदाच झाला. त्यातला एक, मुलगी जन्मली त्या दिवशी.

आम्ही नळ, दारांच्या मुठी, जिन्यांचे कठडे घासून चमकवायचो. त्याला सगळे आरसा म्हणत. त्याने पुरा केलेल्या नळात माणसाला आपल्या दाढीचे राहून गेलेले केस दिसायचे. तयार मालाला कोणी उघडा हात लावला की तो खेकसायचा, "बोटं खिशात ठेव!"

मुलगी निघाली नेमकी बोटांचे खेळ करणारी. झाकणाचा धातूचा लायटर बोटांवरून फिरवायचा, उडवून झेलायचा, चुटकीसरशी झाकण उघडून पेटवायचा आणि दिसेनासा करायचा. चार वर्षं रोज दोन तास ती हे करत होती. मेहनत मला कळते, म्हणून सांगतो, ती मेहनत होती. एका मोठ्या हॉटेलात रोज संध्याकाळी कार्यक्रम होत, तिथे एक जागा निघाली. निवड रविवारी. आईशी तिचं ठरलं होतं: जमलं तर उत्तम, नाहीतर सोमवारपासून खोक्यांच्या कारखान्यात पॅकिंगला. आईने तिथे शब्दही टाकून ठेवला होता.

तिचा लायटर काळ्या रंगाचा होता. कोपऱ्यांचे टवके उडाले होते, आणि काळ्या कपड्यांपुढे तो लांबून दिसायचाच नाही.

"बाबा, याचं काही करता येईल?"

बापाला आणखी काय हवं! त्याने आतला वातीचा भाग काढून ठेवला आणि काळा रंग उतरवला. खाली पितळ निघालं. सलग तीन दिवस तो पाळी संपल्यावर तासभर थांबला. आधी जाड कापडाचं चाक, मग मऊ, मग हाताने. गुरुवारी त्याने मला लायटर दाखवला. इतकं स्वच्छ काम मी पाहिलं नव्हतं, आणि मी उगाच वाहवा करणारा माणूस नाही.

घरी त्याने तो कापडात गुंडाळून मुलीला दिला. तिने दोनदा फिरवला. याने लगेच हात पुढे केला.

"दे इकडे. ठसे उमटलेत, पुसून देतो."

तिने पुन्हा फिरवला. याने पुन्हा पुसला.

"अहो," बायको म्हणाली, "ती बोटांनी खेळते आणि तुम्ही बोटांचेच ठसे पुसताय. हातमोजे शिवू का तिला?"

मुलगी हसली. "छान झालाय, बाबा," एवढंच म्हणाली.

शुक्रवारी संध्याकाळी तो घरी आला तेव्हा तिच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. ती पलंगाशी उभी होती आणि पायांपाशी रजई चौपदरी करून पसरली होती. लायटर हातातून सुटला, रजईवर पडला. आवाज नाही. तिने तळहात कपड्याला पुसला, पुन्हा सुरू केलं. पुन्हा पडला. दारात उभं राहून त्याने मोजलं. दहा वेळांत चार वेळा. रजई होती ती आवाज होऊ नये म्हणून. म्हणजे त्याला कळू नये म्हणून. त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही.

शनिवारी काम सुरू व्हायच्या आधी तो लायटर घेऊन माझ्याकडे आला.

"हातात घे. बोटांवरून फिरव."

"मला कुठे येतं?"

"म्हणूनच तुला देतोय. फिरव."

फिरवतो कसला! पहिल्या बोटावरूनच सटकला.

"साबणाची वडी आहे ही," मी म्हणालो. "हॉस्पिटलच्या न्हाणीघरात धरायच्या दांड्या आपण करतो, त्यांचा आरसा करतो का?"

"नाही. रेघा ओढतो."

"का?"

"ओला हात घसरू नये म्हणून." त्याने लायटर परत घेतला. मग म्हणाला, "गाढव आहे मी."

"ते मला आधीच माहीत होतं. पुढचं बोल."

जेवणाच्या सुट्टीत त्याने खरखरीत पॉलिश पेपर सपाट लाकडी ठोकळ्याला गुंडाळला. चाक वापरलं नाही. चाकाने कोपरे झिजतात, आणि फिरवताना बोटाला कोपऱ्याचा आधार लागतो. ठोकळा पितळेवर टेकवला आणि थांबला. एवढ्या वर्षांत आरसा केलेल्या कामावर त्याने मुद्दाम ओरखडा काढला नव्हता.

"तू काढतोस?"

"मुलगी तुझी, हात तुझा."

मग त्याने पहिली रेघ ओढली. नंतर हात चालला. एकाच दिशेने, सारख्या दाबाने, प्रत्येक वेळी ठोकळा उचलून. ओढून तसाच मागे आणला की रेघ बिघडते. एका बाजूला उभ्या रेघा, दुसरीला आडव्या. झाकणाचा माथा त्याने अजून तसाच ठेवला होता.

घरी गेल्या गेल्या तिच्या हातात दिला. "डोळे मिट. कुठली बाजू हाताला धरते?"

तिने बराच वेळ घेतला. "ही." आडव्या रेघांची होती. "आणि बाबा, माथ्यावरची चमक राहू द्या. उडवला की दिव्यात दिसेल."

त्याने पेपर काढला, दुसरी बाजूही आडव्या रेघांची करून दिली आणि म्हणाला, "आता रजई उचल."

ती चपापली. "तुम्ही पाहिलंत?"

"माझं काम चुकलं तर तोंडावर सांगायचं. गिऱ्हाईक सांगतं."

"गिऱ्हाइकाला तुमचं पडलेलं तोंड बघवत असेल. मला नसतं बघवलं."

उघड्या फरशीवर तिने पन्नासदा फिरवला. एकदा पडला. पुढचे पन्नास, एकदाही नाही. आई स्वयंपाकघरातून ओरडली, "आता जेवायला या, की लायटरच वाढू?" त्या रात्री तो दोन पोळ्या जास्त जेवला.

रविवारी अकराला ती आत गेली. तो हॉटेलच्या मागच्या पायऱ्यांवर बसला. चाकासमोर आठ तास उभा राहून दमलो नाही तेवढा त्या वीस मिनिटांत दमलो, असं मला म्हणाला. ती बाहेर आली, शेजारी बसली आणि आधी बूट काढले.

"काय?"

"नाही पडला."

"एकदाही?"

"एकदाही नाही. उद्यापासून या म्हणाले. सहा महिने उमेदवारी, मग कायम."

त्याचा जीव भांड्यात पडला. तो तसाच उन्हात बसून राहिला. घरी आईने लगेच खोक्यांच्या कारखान्यात फोन लावला. "आमची येत नाही हो, दुसरी बघा." म्हणताना तिलाच हसू आवरेना.

पहिल्या शनिवारी कलाकारांच्या घरच्यांना फुकट पास मिळत होते. त्याने घेतले नाहीत. "फुकट बसलो तर टाळ्यासुद्धा बेताने वाजवाव्या लागतील," म्हणाला. त्या महिन्यात केलेल्या तीन जादा पाळ्यांच्या पैशांतून त्याने पहिल्या रांगेतल्या दोन खुर्च्यांची तिकिटं काढली, अगदी मधल्या.