चिंचोक्यावरचं चारित्र्य

"सांग बापू, आता तू काय करशीन?" असं म्हणून गुरुजी डोळे मिटायचे आणि अंगठ्यानं मिशी दाबून धरायचे. उत्तर आवडलं की मिशी सुटायची. सद्गुण ओळखायची त्यांची एवढीच तऱ्हा.

रिसोडच्या आमच्या वसतिगृहाचे ते अधीक्षक. बहात्तरच्या दुष्काळाचे दिवस. दर रविवारी दुपारी सतरंजीवर ते स्वतः रंगवलेला पट अंथरायचे. शंभर घरं, दयेच्या शिड्या, लोभाचे साप, सगळ्यात वर मोक्ष. प्रत्येकाला वर्षभरासाठी एक सोंग दिलेलं. मी शिपाई, माझ्या शेजारचा सावकार. नाव लिहिलेला चिंचोका म्हणजे आपण. फासे नव्हते. गुरुजी प्रसंग घालणार, आपण उत्तर देणार, आणि चिंचोका चढवायचा की उतरवायचा ते मिशी ठरवणार.

"रस्त्यात पाकीट सापडलं. काय करशीन?"

"पयले उघडून पायीन, कोनाचं हाये ते."

"उघडलं? म्हंजे लोभ." मी सापाच्या तोंडात.

सावकार हुशार. पटावर त्यानं गावासाठी तीन विहिरी खोदल्या आणि न्हाणीतून माझा साबण पळवला. त्याचा चिंचोका नव्वदच्या वर.

हे हसण्यावारी नेलं असतं, पण गुरुजी वर्तणुकीचा दाखला या पटावरून लिहायचे. अकोल्याच्या वसतिगृहात त्याशिवाय जागा नव्हती, आणि वसतिगृहाशिवाय मला कॉलेज नव्हतं. आमच्या घरात मॅट्रिकपर्यंत पोचलेला मी पहिलाच.

शेवटच्या रविवारी प्रसंग आला, "दारात उपाशी म्हातारी. ताटात एकच भाकर. बोल सावकारा."

"पुरी देईन गुरुजी. वरून पाया पडीन."

मिशी सुटली. अशा म्हाताऱ्या त्या वर्षी रोजच येत. प्रसंग गुरुजींना दारातूनच सुचला असावा. तेवढ्यात एक आलीच.

"समोर जाय बाई. इथं शिकवनं चालू हाये," गुरुजी डोळे न उघडता म्हणाले.

मी उठलो. डब्यात सकाळची अर्धी भाकर होती, ती देऊन आलो. परत येऊन पाहतो तर माझा चिंचोका पहिल्या घरात.

"काहून गुरुजी?"

"पाळी सोडून उठला. शिस्त नाही."

दाखल्यावर 'वर्तणूक साधारण'. सावकाराला 'उत्तम'.

शाळेच्या हेडमास्तरांनी वेगळं पत्र दिलं, म्हणून मी बी. ए. झालो. त्यांचे उपकार रोज आठवतात. गुरुजींनी चार वर्षं छप्पर दिलं, तेवढं कबूल.

ते गेल्यावर घरी भेटायला गेलो. त्यांच्या पत्नीनं एक पत्र्याचा डबा पुढे केला. "तुमचा हाये का पाहा यात."

चिंचोक्यांवरची आमची नावं हाताळून पुसट झाली होती. एकावरची शाई मात्र कालची वाटावी अशी. नाव गुरुजींचं.

"तो यांचाच," त्या म्हणाल्या. "पटावर कधी ठेवला नाही त्याईनं. म्हनत, मले इचारीन कोन?"

मी होतो की. चार वर्षं समोरच बसलो होतो.