ड्यूकची तिथी

मेलेल्या माणसांची माझ्या बायकोच्या आतोबांइतकी बडदास्त ठेवणारा माणूस ओकव्हिलमध्येच काय, अख्ख्या ओंटारिओत सापडायचा नाही. राजा वारला की त्याच्या आठवणीसाठी चांदीची नाणी पाडायची, अशी जुन्या जर्मन संस्थानांत रीत होती. आतोबांना नाद होता तो असल्याच नाण्यांचा. राज्याभिषेकाच्या नाण्याला ते हात लावत नसत. "त्यात काय, तेव्हा सगळेच खूश असतात," म्हणायचे. ही नाणी मिसळणाच्या डब्यात, कापसावर ठेवलेली. पाहुण्यांसमोर डबा उघडला की आत्या हळूच सांगायची, "हळद मागू नका."

त्यातला एक ड्यूक त्यांचा विशेष लाडका. साडेचारशे वर्षांपूर्वीचा, दाढीवाला, आडव्या अंगाचा आणि निपुत्रिक. आतोबा-आत्यांनाही मूलबाळ नव्हतं. "याचं कोण करणार हो?" असं म्हणून त्यांनी चक्क त्याचं श्राद्ध घालायला सुरुवात केली. नाण्यावर मृत्यूची तारीख होती. तिच्यावरून तिथी काढायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी टोरोंटोच्या एका बँकेत प्रोग्रॅमर. सीडीवरच्या पंचांगातून मी ती दोन मिनिटांत काढून दिली. मग दर वर्षी खीर, वडे, फ्रोजन अळूची भाजी, सगळं साग्रसंगीत. एकदा डेकवरच्या पानाला कावळ्याआधी एक गलेलठ्ठ बदक शिवलं, तर आतोबा म्हणाले, "युरोपियन माणूस, त्याला बदक चालतं." "माझ्या माहेरच्यांचं कधी एवढं केलं नाहीत," असं म्हणत आत्यानं ड्यूकला आणखी दोन वडे वाढले.

पाच वर्षांनी मला कळलं की ड्यूकच्या काळी युरोपात आजच्यापेक्षा दहा दिवस मागे असलेलं जुनं कॅलेंडर चालायचं, आणि माझी तिथी दहा दिवस आधीची निघाली होती. एवढ्या मायेनं केलेलं फुकट गेलं, हे त्यांना कसं सांगावं या विचारानं मी हवालदिल झालो. शेवटी वडे तळणीत असतानाच सांगून टाकलं. आतोबा पोट धरून हसत सुटले.

"म्हणजे तो मरायच्या आधीच आपण त्याला जेवायला घालतोय की. अहो, मग तो स्वतः येऊन जेवला असणार." मग डोळे पुसत म्हणाले, "जावईबापू, माझीही तिथी अशीच चुकवा. मी असेन जेवायला."

आता आम्ही आतोबांचं श्राद्ध दहा दिवस आधीच करतो. भटजी कुरकुरतात. पान वाढून झालं की आत्या जिन्याकडे तोंड करून हाक मारते, "अहो, येताय ना?" ते अजून दहा दिवस आहेत, हे तिला मीच सांगितलंय.